गाठ कोणाशी पडली, हे कोण पाहणार?

घरातल्या कॅमेऱ्यात कोणी परका डोकावला, दाराचं स्मार्ट कुलूप भलत्याच फोनवरून उघडलं, अशी बातमी आली की दुसऱ्या दिवसापासून एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लोकांना सगळं आयतं हवं असतं. चार आकडे टाकायचा कंटाळा करता ना, मग भोगा. दुसरी बाजू म्हणते, सामान्य माणसाला तंत्रज्ञ व्हायला सांगू नका; खोकं उघडलं, फोन जवळ नेला, जोडणी झाली, एवढंच हवं, बाकीची भीती हा तज्ज्ञांचा धंदा आहे. दोघं तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं गुपचूप एकमत असतं: सोय आणि सुरक्षा ही एकाच तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. निदान वायरलेस उपकरणांच्या जोडणीपुरता, म्हणजे ज्याला आपण पेअरिंग म्हणतो त्यापुरता, हा तराजूच खोटा आहे असं माझं म्हणणं आहे. जोडताना माणसाला किती कष्ट पडले याला काडीचं महत्त्व नाही. त्याने जे काही केलं त्यातून उपकरणाला नेमकं काय कळलं, याला आहे. आणि जोडण्यावरून एवढा कंठशोष करणारे आपण जोडलेलं सोडवण्याबद्दल अवाक्षर काढत नाही, मोठा घोळ तर तिथेच आहे.

आधी जोडणी म्हणजे काय ते पाहू. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन यंत्रं हवेतून बोलतात, आणि हवेतलं बोलणं भिंतीपलीकडच्यालाही ऐकू जातं. अशा उघड्यावर दोघांनी मिळून एक गुपित कसं ठरवायचं, हा प्रश्न व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या गुप्तलेखनाच्या संशोधकांनी १९७६ मध्येच सोडवून ठेवला. सगळं संभाषण तिसऱ्याने शब्दन्‌शब्द ऐकलं तरी अखेरची किल्ली त्याच्या हाती लागत नाही, असं ते गणित आहे, आणि आज साध्या बल्बमधली चिपही ते करू शकते. मग अडलं कुठे? अडलं ते ‘कोणाशी’ या शब्दावर. माझा फोन गुपित ठरवतोय खरा, पण माझ्या हातातल्या बल्बशी, की पलीकडच्या खोलीत बल्बचं सोंग घेऊन बसलेल्या लॅपटॉपशी? हे गणिताला सांगता येत नाही, कारण रेडिओ लहरीला चेहरा नसतो. त्या घटकेला ते एकाच प्राण्याला ठाऊक असतं, स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला. जोडणीच्या आजवरच्या झाडून सगळ्या पद्धती म्हणजे या माणसाची साक्ष यंत्रापर्यंत पोचवण्याचे कमीअधिक बरे प्रयत्न आहेत.

स्टूल मी उगाच आणलेलं नाही. मागे मी छताला एक स्मार्ट बल्ब लावला. होल्डरमध्ये घट्ट फिरवून बसवला, खाली उतरलो, ॲप उघडलं, तर ॲपने क्यूआर कोड मागितला. कोड बल्बच्या मानेवर छापलेला आणि मान होल्डरच्या पोटात. पुन्हा वर चढलो, तोवर बल्ब तापलेला, म्हणून रुमालात धरून काढला. बल्ब हातात आला की त्याची वीज जाते आणि वीज नसली की तो बोलत नाही. म्हणून कोड स्कॅन करून घाईने परत लावला, बटण दाबलं, तेवढ्यात ॲपची मुदत संपली. असं तीनदा झालं. हा त्रास मी सुरक्षेपायी सोसला का? मुळीच नाही. कोड कुठे छापावा याचा विचार ज्याने केला नाही, त्याच्या आळसापायी सोसला. तोच कोड सुट्या कार्डावरही दिला असता, तर बल्ब तसूभरही कमी सुरक्षित झाला नसता. त्रास आणि सुरक्षा यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे मला रुमालात बल्ब धरून उभा असताना पटलं.

कष्टाने सुरक्षा येते असं मानणाऱ्यांनी वायफाय राउटरच्या मागे छापलेला आठ आकडी पिन आठवावा. डब्ल्यूपीएस नावाची ती जोडणीची पद्धत. राउटर उलटा करायचा, डोळे ताणून बारीक अक्षरातले आठ आकडे वाचायचे, एकेक करून टाकायचे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, कोण कशाला फोडतंय! पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरणारा होता, म्हणजे शक्यता उरल्या एक कोटी. त्यातही राउटर पहिल्या चार आकड्यांबद्दल बरोबर की चूक हे वेगळं सांगायचा आणि उरलेल्यांबद्दल वेगळं. म्हणजे पहिल्या भागासाठी दहा हजार आणि दुसऱ्यासाठी एक हजार, सगळे मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. श्टेफान फीबेक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये हे जाहीर केलं, आणि कोणाचाही राउटर काही तासांत उघडून देतील अशी हत्यारं लगेच फिरू लागली. घरोघरच्या लोकांनी आठ आकड्यांचे कष्ट घेतले आणि बदल्यात त्यांना जेमतेम चार आकड्यांचंच संरक्षण मिळालं. जुन्या ब्लूटूथच्या पिनची कथा याहून केविलवाणी. हेडसेटला पडदा नाही, बटणं नाहीत, त्यामुळे पिन कारखान्यातूनच ठरलेला: ०००० किंवा १२३४. माणूस तो टाकायचा आणि आपण काहीतरी गुप्त केलं या समाधानात राहायचा.

आता उलट बाजू बघा. स्टीव्हन बेलोविन आणि मायकेल मेरिट यांनी १९९२ मध्ये अशी युक्ती मांडली की दोन्हीकडे एकच छोटा परवलीचा शब्द असला, तर त्यातून बळकट किल्ली बनवता येते, आणि ऐकत बसलेल्याला तो संवाद घरी नेऊन सावकाश फोडता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी त्याला उपकरणाच्या तोंडासमोर येऊन दार ठोठवावं लागतं, आणि उपकरण काही चुकांनंतर दार लावून घेऊ शकतं. घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकात याच घराण्यातली पद्धत आहे. माणसाने करायचं ते एवढंच, क्यूआर कोडवर फोन धरायचा, किंवा कोड फाटला असेल तर ११ आकडे टाकायचे. ०००००००० किंवा १२३४५६७८ असा परवलीचा अंक ठेवायला कारखान्यालाच मनाई आहे. वापरणाऱ्याचा त्रास डब्ल्यूपीएसपेक्षा कमी आणि बंदोबस्त कितीतरी पक्का. तराजूची पारडी खरी असती तर हे घडलंच नसतं.

यात नवं असं काही नाही. ऑगस्त केरखॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनासाठी सहा अटी लिहिल्या. त्यातली एक आज सुरक्षेच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. सहावी कोणी सहसा शिकवत नाही. ती अशी की पद्धत वापरायला सोपी हवी, तिने डोक्याला ताण देऊ नये आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करायला लावू नये. ही सवलत त्याने आळशी ग्राहकाला दिलेली नव्हती. लढाईच्या धामधुमीत तारेवर बसलेला माणूस अवघड पद्धत चुकवतो किंवा टाळतो, आणि दोन्हीत गुपित फुटतं, एवढाच त्यातला व्यवहार. सोपेपणा ही त्याच्या लेखी सुरक्षेचीच अट होती. आपण पाच अटी घेतल्या आणि सहावी जाहिरात विभागाकडे पाठवून दिली.

पण विरोधकांच्या हाती काही दमदार पत्ते आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोपेपणाच्या नावाखाली आजवर खरोखर पुष्कळ वाटोळं झालेलं आहे. २००७ मध्ये ब्लूटूथने जोडणीची नवी तऱ्हा आणली. तिच्यातल्या एका प्रकाराचं नावच ‘जस्ट वर्क्स’. पडदा-बटणं नसलेली उपकरणं काहीही न विचारता जोडली जातात. चोरून ऐकणाऱ्यापासून हा प्रकार बचाव करतो, पण मध्ये घुसून तोतयेगिरी करणाऱ्यापासून नाही. २०१६ मध्ये गुप्तलेखनतज्ज्ञ आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेला प्रकार तर बोलकाच आहे. एका नामांकित कंपनीचे झिगबी या वायरलेस पद्धतीने बोलणारे बल्ब ‘जवळ आणलं की जोडलं’ अशा तऱ्हेने चालत. जवळ आहे की नाही ही तपासणी एका त्रुटीमुळे चुकवता येत होती, आणि संशोधकांनी इमारतीबाहेर ड्रोन उडवून आतले दिवे ताब्यात घेतले. म्हणजे सोपेपणाला शिव्या घालणाऱ्यांचं काय चुकलं?

चुकलं ते निदान. या उदाहरणांत दोष सोपेपणाचा नाही, साक्षीदार हटवण्याचा आहे. ‘जस्ट वर्क्स’मध्ये ‘कोणाशी’ हा प्रश्न सोपा केलेला नाही, तो विचारलाच जात नाही. बल्बच्या बाबतीत तो विचारला, पण माणसाला नव्हे, रेडिओलाच, आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यालाच साक्षीला बोलावलं तर दुसरं काय होणार? याउलट काही सेंटिमीटरवरच चालणारं एनएफसी, म्हणजे टेकवून जोडण्याचं तंत्र, किंवा डोळ्यांनी पाहून स्कॅन करायचा कोड, या कृती तितक्याच हलक्या आहेत. पण त्यांत हात नेमक्या वस्तूवर असतो. फरक सेकंदांचा नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक भारी वाटतो. साक्षीदार म्हणून माणूस तरी कुठे भरवशाचा आहे? फोन आणि गाडी दोन्हीकडे सहा आकडे दिसतात, ‘सारखे आहेत का?’ असं विचारलं जातं, आणि आपण आकडे न वाचताच ‘हो’ दाबतो. तुम्ही शेवटचे कधी ताडून पाहिले होते? मी पाहिले नव्हते, आणि मी या विषयावर लेख लिहितोय. मध्ये तोतया असेल तर ते आकडे योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक; एवढं कसलेलं गणित अंगठ्याच्या एका सवयीने मातीमोल होतं. हे मान्यच. पण यावरून ‘लोकांना वळण लावा’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. संमती विचारली की माणूस ती देऊन टाकतो, कारण त्याला पुढे जायचं असतं. त्याऐवजी कृती मागा. एका पडद्यावरचे आकडे दुसऱ्यावर टाकायला लावले की ते वाचावेच लागतात; कोड स्कॅन करायचा तर वस्तू हातात घ्यावीच लागते. तिथे न पाहता ‘हो’ म्हणण्याची सोयच उरत नाही.

लोकांना वळण लावण्याचा प्रयोग अमेरिकेत एकदा झालेला आहे. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना अशी यंत्रणा बसवली की पुढच्या आसनांचे पट्टे लावल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये. शेजारच्या आसनावर जड पिशवी ठेवली तरी गाडी तिला प्रवासी समजून अडून बसे. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही सक्ती काढून टाकली. याच्या पंधरा वर्षं आधी, १९५९ मध्ये, निल्स बोलिन याने व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा केला होता, तो एका हाताने सहज लावता येईल असा. जगाने दोन्हींतलं काय स्वीकारलं हे सांगायला नको. त्याहून मला आवडतं ते फ्रिजच्या दाराचं उदाहरण. जुन्या फ्रिजला बाहेरून खटका असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं आत अडकून गुदमरत. आईबापांना सावध राहा म्हणून सांगून झालं होतं. १९५६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की दार आतून उघडता आलं पाहिजे. कारखानदारांनी खटका काढून चुंबकाची पट्टी लावली. मुलं वाचली, शिवाय दोन्ही हातांत भांडी असलेल्या माणसाला दार कोपराने ढकलून लावता येऊ लागलं. आज त्या दाराकडे पाहून कोणी म्हणेल का, की सुरक्षेसाठी सोय सोडावी लागते?

छापील कोडाविरुद्धही बोललं जातं. गोदामात, वाटेत, कोणीही त्याचा फोटो काढू शकतो. खरं आहे. पण फोटो घरी नेऊन त्याला काय करता येईल? चांगल्या रचनेत नवं उपकरण सुरू झाल्यावर जोडणीची खिडकी काही मिनिटंच उघडी राहते, मॅटरमध्ये साधारण पंधरा. एकदा मालक मिळाला की ती बंद होते, आणि दुसऱ्या कोणाला घ्यायचं तर आधी जोडलेल्या फोनवरूनच मुद्दाम उघडावी लागते. फोटोवाल्याला नेमक्या त्या वेळी नेमक्या त्या भिंतीलगत हजर राहावं लागेल. एवढी चिकाटी असलेला चोर खिडकीची काच फोडेल. अर्थात सगळीकडे हाच न्याय लावता येत नाही. हृदयाच्या ठोक्यांचं यंत्र छातीत बसवलेला रुग्ण बेशुद्ध पडलाय, शहर परकं, डॉक्टर अनोळखी. त्याला यंत्राशी बोलता आलंच पाहिजे, कोड शोधायला वेळ नाही. आणि अशा यंत्राला रेडिओवरून परस्पर हुकूम देता येतात हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे. तिथे छातीला उपकरण टेकवल्यावरच संवाद सुरू होणं ही तडजोड मला मान्य आहे. ज्याचा हात छातीपर्यंत पोचला त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. तरी बघा, इथेही सोडवणूक स्पर्शानेच झाली, पासवर्ड लांबवून झालेली नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल दोन्ही बाजू मिठाची गुळणी धरून बसल्या आहेत. फ्रँक स्टाजानो आणि रॉस अँडरसन या संगणक-सुरक्षेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये जोडणीला बदकाच्या पिल्लाची उपमा दिली. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिल्यांदा जे हलताना दिसेल त्याला आई मानतं. तसं उपकरणाने पहिल्यांदा किल्ली देणाऱ्याला मालक मानावं. ही अर्धी उपमा सगळ्यांनी उचलली. उरलेली अर्धी अशी होती की हे पिल्लू मरू शकलं पाहिजे आणि नव्या आईसाठी पुन्हा जन्मू शकलं पाहिजे, आणि त्याला मारण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेलं असावं. आपण पिल्लं जन्माला घातली. त्यांच्या मरणाची सोय कोणी केली?

ब्लूटूथचं ‘हे उपकरण विसरा’ घ्या. फोन विसरतो, पण इयरफोन विसरत नाही. त्याच्याकडची किल्ली त्याच्याकडेच राहते. एका बाजूने दिलेली सोडचिठ्ठी दुसऱ्या बाजूला कळतच नाही. भाड्याच्या गाडीत जोडलेले फोन, मागच्या भाडेकरूच्या नावावरचं कुलूप, नातं तुटल्यावरही जुन्या जोडीदाराच्या हातात राहिलेला घरातल्या दिव्यांचा आणि कॅमेऱ्यांचा ताबा, ही सगळी एकाच आजाराची लक्षणं आहेत. यातल्या शेवटच्या प्रकारात तर हल्लेखोराने काही फोडलेलंच नसतं. जोडणी झाली तेव्हा तो हक्काने घरात होता, साक्ष खरी होती, गणित निर्दोष होतं. जगातला सगळ्यात कडक पिन त्या घरात मागे राहिलेल्या बाईला वाचवत नाही, कारण पिन त्यानेच टाकलेला असतो. अशा माणसापुढे ‘सोपं की सुरक्षित’ हा वाद किती पोरकट वाटतो!

सोडवणं कठीण आहे, हेही खरं. रीसेट फार सोपं केलं तर चोराचं फावतं, फार अवघड केलं तर विकत घेणारा प्रामाणिक माणूस अडकतो. फोनसारख्या वस्तूला चोरीची भीती मोठी, तिथे जुन्या मालकाची परवानगी हवीच. पण बल्ब, प्लग, कॅमेरा, कुलपाच्या आतल्या बाजूचा भाग यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: वस्तू ज्याच्या हातात, त्याला ती कोरी करता आली पाहिजे. कोरी करताना जुन्या मालकाचं काहीही नव्याला दिसता कामा नये, आणि नव्याचं काहीही जुन्याला. शिवाय ‘तू सध्या कोणाकोणाशी जोडलेला आहेस?’ या प्रश्नाचं उत्तर उपकरणाने समोर उभ्या असलेल्या माणसाला दिलं पाहिजे, पाच वेळा बटण दाबल्यावर दिवा तीनदा लुकलुकला तर तीन मालक, इतकं ओबडधोबड का होईना.

यासाठी ग्राहकाला उपदेश करून भागणार नाही, भार कारखान्यावर टाकावा लागेल, आणि तसं करता येतं याचा पुरावा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून देशोदेशीचे कॅमेरे आणि राउटर गोळा केले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. त्याआधी वर्षानुवर्षं ‘पासवर्ड बदला’ म्हणून घोकून झालं होतं, ढिम्म फरक पडला नव्हता. मग कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याला बंदी केली. ग्राहकाला एक बोटही जास्त हलवावं लागलं नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा, ज्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, एक पाऊल पुढे जातो: आपली सगळी माहिती आणि सेटिंग वापरणाऱ्याला ‘सुरक्षितपणे आणि सहज’ कायमची काढून टाकता आली पाहिजेत. दोन्ही शब्द एका वाक्यात, मध्ये ‘किंवा’ नाही.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. एका स्नेह्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. मी टाचणीने भोकातलं बटण दाबून तो रीसेट केला, आवाज आला, माझ्या ॲपमध्ये चित्र दिसू लागलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन: “अरे, तुझ्या बैठकीतला पंखा रात्रभर चालूच असतो का रे?” रीसेटने कॅमेऱ्यातलं वायफाय पुसलं होतं, कंपनीच्या सर्व्हरवर मालक म्हणून अजून तोच होता. तो बिचारा माझ्याहून जास्त ओशाळला. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या फोनवर मान घालून बसलो, आणि मेन्यूच्या मेन्यूत शिरत चौथ्या पडद्यावर ‘काढून टाका’ सापडलं. त्याने ते दाबल्यावर ॲपने विचारलं, ‘तुमची खात्री आहे?’ मग पासवर्ड मागितला. मग ईमेलवर आलेला कोड मागितला. मी माझ्या घरात तो कॅमेरा जोडला तेव्हा यातलं एकही त्याने विचारलं नव्हतं.